पंचवीस सेकंदांच्या केसरबाई

माणसाचं रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. काचेची नळी, सदतीस अंशांचं कोमट पाणी, सशाच्या मेंदूपासून केलेलं औषध आणि हातात स्टॉपवॉच. तेरा सेकंद. कारखान्याचा मालक असो की दारावरचा वॉचमन, निरोगी माणसाचं तेरा, फार तर एखादं सेकंद इकडे-तिकडे. केसरबाईंचं पंचवीस लागायचं. ते पंचवीसच लागावं म्हणून या बाईने सात-आठ वर्षं जे केलं, ते मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिलेलं नाही. आणि एकदा माझ्याच शहाणपणामुळे ते सगळं वाया जाता जाता राहिलं, म्हणून हे लिहायला बसलो.

मी वसंत, मूळचा देवरुखचा. रक्त-लघवी तपासण्याचा डिप्लोमा केला आणि एक्क्याऐंशी साली सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यात चिकटलो. बायको उषा इथल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. तेव्हा गाव लहान होतं. मग टॅक्सच्या सवलतीपायी पिपरियाकडे, आमलीकडे कारखाने उभे राहिले आणि धुळे-जळगावकडची माणसं बिऱ्हाडं बांधून आली. त्यांची बोटं कापायची, डोळ्यांत कचरा जायचा, पोरांना मलेरिया व्हायचा, आणि मग ती माझ्या खिडकीशी रांग लावायची. मी तसा तुसडा माणूस. उपाशीपोटी या म्हटलं आणि कोणी चहा पिऊन आला, की त्याला फाडून खायचो. नर्सबायका मला पाठीमागे दुर्वास म्हणतात हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात चिंधा पाटील नावाचा एक उंच, अबोल कामगार बायकोला घेऊन आला. दोघंही पारोळ्याकडची, दोघंही एकाच धाग्याच्या कारखान्यात. तो गाठोडी उचलायचा आणि केसरबाई मशीनवर तुटलेला धागा जोडायच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने काटकुळ्या, पण नजर अशी की समोरच्याने उगाच सरळ बसावं. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, त्या तापाने त्यांच्या हृदयाची एक झडप खाऊन टाकली होती. वर्षापूर्वी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात छाती उघडून तिथे धातूची झडप बसवली. खोलीत पंखा बंद असला तर जवळ बसणाऱ्याला ती ऐकू यायची, बारीक टिकटिक.

आता गंमत अशी, की रक्ताला परकी वस्तू सोसत नाही. धातू दिसला की रक्त त्याच्यावर गोठायला बघतं. गोळा झडपेत अडकला तर हृदय बंद, सुटून डोक्यात गेला तर अर्धांग. म्हणून अशा माणसाला जन्मभर रोज एक गोळी घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर रक्त गोठणार, जास्त झाली तर कुठूनही वाहू लागणार. मधली जागा अगदी अरुंद. माणूस त्या जागेत आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही, ते फक्त नळीत दिसतं. दर महिन्याला ते बघणं हे माझं काम.

पहिल्याच दिवशी मी रक्त काढून म्हटलं, "बाहेर बसा."

बाई हलल्या नाहीत. "भाऊ, मन्हं रगत माले दखू द्या."

माझ्या प्रयोगशाळेत पेशंटने उभं राहायचं नाही हा माझा नियम. पण त्यांच्या बोलण्यात विनवणी नव्हती. स्वतःची वस्तू मागावी तसं मागणं होतं. मी रक्त फिरवून वरचा पिवळट पाण्यासारखा भाग वेगळा केला, त्याचा थेंब नळीत घेतला, औषध घातलं आणि घड्याळ दाबलं. तारेचा हूक आत बुडवायचा आणि वर काढायचा, बुडवायचा आणि वर काढायचा. दहा सेकंद, पाणीच. वीस, पाणीच. पंचविसाव्या सेकंदाला हुकाला एक पांढरा, केसाहून बारीक तंतू लटकला आणि पुढच्या क्षणी नळीतलं पाणी थिजून गेलं.

त्या वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "हाऊ ते धागाच शे."

खरोखरच तो धागा असतो. रक्तात तो विरघळून फिरत असतो, कोणाला दिसत नाही. जखम झाली की दहा-बारा पदार्थ एकामागून एक जागे होतात, पहिला दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी हा धागा विणला जातो आणि जखमेवर जाळी बसते. हे सगळं तेरा सेकंदांत. मी ते रोज वीस वेळा बघत होतो आणि बघणं विसरलो होतो. दिवसाला हजार धागे जोडणाऱ्या त्या बाईने बोट दाखवलं आणि मला पुन्हा दिसलं. अंगावर काटा आला, हे मी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही.

लोक या गोळीला रक्त पातळ करायची गोळी म्हणतात. मला त्याचा फार राग येतो. रक्त पातळ-बितळ काही होत नाही. आमचे डॉक्टर जयवंत शांत माणूस, समजावून सांगण्याची हौस असलेला. त्यांनी केसरबाईंना सांगितलं होतं, ते मीही कान देऊन ऐकलं. गोठवणारे जे पदार्थ आहेत त्यांतले काही यकृत तयार करतं. ते तयार करायला त्याला के नावाचं जीवनसत्त्व लागतं, आणि ते हिरव्या पालेभाजीत असतं. गोळी यकृताच्या हातातून ते जीवनसत्त्व काढून घेते. मग पदार्थ तयार होतात, पण अर्धेकच्चे. जागेवर हजर, पण कामाचे नाहीत.

"आणि ही गोळी सापडली कशी ठाऊक आहे?" जयवंत म्हणाले. "अमेरिकेत गुरांनी बुरशी लागलेला चारा खाल्ला आणि ती रक्त वाहून मेली. त्या चाऱ्यात काय आहे ते शोधलं. आधी त्याचं उंदीर मारायचं औषध केलं, मग माणसाचं."

चिंधाचा चेहरा पडला. बायको उंदराचं औषध खाते हे त्याला नवीन होतं. केसरबाईंनी मात्र मान डोलावली. बुरशीचा चारा खाऊन जनावर जातं हे त्यांना ठाऊक असावं. त्याच विषाचा कणभर भाग आपल्याला रोज जिवंत ठेवतो, याचं त्यांना भय नाही वाटलं, नवल वाटलं. घरी जाईपर्यंत त्या गोळीच्या पाकिटाकडे बघत होत्या म्हणे.

पहिलं वर्ष गोंधळात गेलं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पालेभाजी खायची नाही. खानदेशी बाईला मेथी आणि पोकळा खाऊ नको म्हणणं म्हणजे मला मासे सोड म्हणण्यासारखं. त्या पंधरा दिवस सोडायच्या, की माझ्या नळीत बत्तीस सेकंद. मग कुठे लग्नात, कुठे शेजारणीकडे भाजी पोटात जायची, की अठरा. मी ओरडायचो. जयवंत गोळीचा डोस वर-खाली करायचे. असं सहा महिने चाललं.

आणि मग एकदम आकडा स्थिरावला. पंचवीस. पुढच्या महिन्यात सव्वीस. पुढे परत पंचवीस. मला वाटलं माझं औषध खराब झालं. मी माझ्या स्वतःच्या रक्तावर तपासून बघितलं, ते तेरा आलं. तेव्हा विचारलं, "केसरबाई, काय केलंत?"

त्यांनी उजव्या हाताची मूठ वळून दाखवली. "रोज एक मूठ भाजी. सन राहो, लगीन राहो, एकच मूठ. मंग गोळीले भी समजस नि आंगले भी समजस."

या माणसांच्यात श्रावणात कानबाई बसवतात. देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू घेतात ते घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ असे मोजून, आणि ते मोजण्याचा मान त्यांच्या भाऊबंदकीत केसरबाईंचा होता. वजनकाटा लागत नसे. त्यांची मूठ कधी चुकत नाही असं सगळे मानायचे. तीच मूठ त्यांनी स्वतःच्या रक्ताला लावली. भाजी सोडली तर चूक, भरमसाट खाल्ली तर चूक. रोज सारखी खाल्ली, तर गोळी तिच्या मापाने बसवता येते. पुढे दोन-तीन वर्षांनी जयवंतांच्या एका मासिकात हेच छापून आलं, भाजी बंद करू नका, सारखी ठेवा. जयवंतांनी ते पान मला आणून दाखवलं.

वर्षातून एकदाच आकडा हलायचा. कानबाईचे रोट एकदा केले की भाऊबंदांनी ते संपवेपर्यंत दुसरं काही शिजत नाही. गव्हाचे रोट, खीर आणि गंगाफळाची भाजी. गंगाफळ म्हणजे आपला लाल भोपळा. पाला नाही. पाच-सहा दिवस मूठभर भाजी पोटात गेली नाही, की गोळीचा जोर वाढायचा आणि नळीत तीस-एकतीस सेकंद यायचे. पहिल्यांदा हे कोडं मी सोडवलं. त्याचा मला कोण गर्व. दर श्रावणात त्या कानबाई करून गावाहून आल्या की मी रिपोर्टच्या कडेला पेन्सिलीने "रोट" असं लिहायचो. जयवंत ते वाचून हसायचे आणि डोस तसाच ठेवायचे. आठवड्यात आकडा परत पंचवीसवर.

त्र्याण्णव साली श्रावणाच्या सुमाराला केसरबाई महिनाभर दिसल्या नाहीत. आल्या तेव्हा चेहरा ओढलेला, पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च घेतलेला. मी रक्त काढलं. घड्याळ चाळीसच्या पुढे गेलं तेव्हा कुठे तारेला तंतू लागला. एकेचाळीस.

मी मोठ्या ऐटीत मान हलवली. "रोट जरा जास्तच झाले यंदा. महिनाभर गावाला होतात ना? कानबाईला गेला होतात?"

त्यांनी पदर आणखी ओढून घेतला. मग खाली बघत म्हणाल्या, "हां भाऊ."

मी पेन्सिलीने लिहिलं, "रोट". भाजीची मूठ सुरू करा म्हणून दरडावलं. जयवंतांनी माझी पेन्सिल वाचली, एक दिवस गोळी चुकवा म्हणाले आणि आठवड्याने बोलावलं. एकेचाळीस हा एकतीस नव्हे, हे मला दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण उत्तर माझ्याकडे तयार होतं.

सहाव्या दिवशी सकाळी चिंधा त्यांना रिक्षातून घेऊन आला. नाकातून दोन तास रक्त थांबत नव्हतं. पदराचा बोळा भिजून काळपट झाला होता. दंडावर आणि मांडीवर न लागता-पडता जांभळे डाग उमटले होते. हिरड्यांतून रक्त येत होतं, तरी बाई ताठ बसलेल्या. सिस्टर अलकांनी नाकात पट्टी भरली आणि मी रक्त घेऊन आत गेलो.

घड्याळ दाबलं. तीस. चाळीस. हूक खाली-वर, खाली-वर. पन्नास. पाणीच. साठ. एवढी वर्षं मी रक्त बघतोय, पण माणसाच्या अंगातलं रक्त इतकं पाणी होऊन समोर हललेलं कधी पाहिलं नव्हतं. सत्तराव्या सेकंदाला कुठे एक मरतुकडा तंतू आला. या घटकेला बाईंच्या डोक्यात एखादी बारीक नस फुटली असती, तर ती मिटवायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

मी बाहेर येऊन जयवंतांना आकडा सांगितला आणि बायकोच्या अंगावर ओरडावं तसा चिंधावर ओरडलो, "अजून रोटच खाताय काय?"

चिंधा गोंधळला. "कसाना रोट, सायेब? यंदा कानबाई बठनीच नई. काकानं सुतक शे आमले."

भाऊबंदकीत कोणी गेलं की त्या वर्षी कानबाई बसत नाही. म्हणजे रोट नव्हते. म्हणजे मी कडेला लिहिलं ते धादांत खोटं होतं, आणि त्या खोट्यावर विसंबून आम्ही सहा दिवस घालवले होते. इतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही.

जयवंत केसरबाईंपुढे खुर्ची घेऊन बसले. "बाई, या महिन्यात दुसरं काही औषध घेतलंत? डोकेदुखीचं, पाल्याचं, कुठलंही?"

केसरबाई भिंतीकडे बघत राहिल्या. चिंधाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. काहीतरी होतं. सिस्टर अलकांनी जवळ जाऊन विचारलं, तर तोंड आणखी घट्ट मिटलं. अलका त्यांच्याच चाळीत राहायच्या.

तेव्हा मला उषा आठवली. केसरबाई दर महिन्याला तिच्यासाठी अंबाडीची जुडी आणायच्या आणि दोघी पायरीवर गप्पा मारायच्या. मी सायकल काढली आणि शाळेतून तिला वर्ग सोडून उचलून आणलं. पडद्याच्या आत दोघी गेल्या. आम्ही पुरुष बाहेर. दहा मिनिटांनी उषा बाहेर आली, डोळे लाल, हातात केसरबाईंच्या पिशवीतली गोळ्यांची एक पट्टी.

केसरबाई गावाला गेल्याच नव्हत्या. डाव्या छातीत गाठ आली होती, कॅन्सरची. मुंबईला जाऊन छाती काढून आल्या होत्या. तिथे त्यांनी सगळं नीट केलं होतं. हृदयाच्या गोळ्या थांबवून इंजेक्शनं दिली, ऑपरेशननंतर पुन्हा सुरू केल्या आणि घरी जाताना ही नवी गोळी दिली. दर आठवड्याला रक्त तपासा, असं चिठ्ठीवर लिहिलंही होतं. ती चिठ्ठी घरी पेटीच्या तळाशी होती. चाळीत पूर्वी एका बाईला हा आजार झाला, तर शेजारणींनी तिचा कप वेगळा ठेवला होता. आपल्यालाही तसं होईल, रोटांचे गहू मोजायला कोणी बसू देणार नाही, ही भीती. आणि छातीचं दुखणं परक्या पुरुषाला सांगायचं कसं? मी भाऊ होतो, पण पुरुष होतो. मीच कानबाईचं नाव काढलं आणि त्यांना लपायला आयती जागा मिळाली.

जयवंतांनी ती पट्टी वाचली आणि कपाटातून औषधांचं जाड पुस्तक काढलं. बराच वेळ पानं उलटली. मग एका ठिकाणी बोट ठेवलं. दोन ओळी होत्या, अगदी बारीक अक्षरात.

ते सांगू लागले तसा मी ऐकतच राहिलो. काही स्त्रियांच्या छातीतला कॅन्सर बाईच्या अंगातल्याच रसावर पोसतो, ज्या रसाने ती वयात येते. त्या रसाने आत शिरायचं एक कुलूप असतं. ही नवी गोळी त्या कुलपात भलतीच किल्ली घालून ठेवते. खऱ्या किल्लीला जागा उरत नाही आणि कॅन्सर उपाशी राहतो. पेशीला ती मारत नाही, जाळत नाही, नुसती दारात बसून राहते. म्हणून हिने केस जात नाहीत. पण अंगातून गरम लाटा उठतात, पाळी गेलेल्या बाईला पुन्हा अंगावर जाऊ शकतं, आणि एरवी रक्त गोठण्याकडे झुकतं.

"गोठण्याकडे?" मी म्हटलं. "हिचं तर उलट झालंय."

"तेच तर." जयवंतांनी पुस्तक माझ्याकडे फिरवलं. "दोन्ही गोळ्या मोडून बाहेर टाकायचं काम एकाच यकृताचं. नवी गोळी ती वाट अडवून बसली. जुनी बाहेर पडेना, साठत गेली. डोस तोच, पण अंगात जोर कितीतरी पट."

म्हणजे एका बाईच्या अंगात दोन विषं आली होती, दोन्ही तिला वाचवायला आलेली. एक झडपेसाठी, एक छातीसाठी. आणि यकृताच्या दारात दोघांची गाठ पडली होती. माणसाच्या पोटात उजव्या बरगडीखाली, एका चपट्या तांबड्या गोळ्यात, हे सगळं न बोलता चाललेलं असतं. मला देवळात जायची फारशी सवय नाही. पण त्या खोलीत मी चपला काढाव्यात असं वाटलं.

पुढचा प्रश्न अवघड होता. के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन भरपूर दिलं असतं तर रक्त झटकन गोठलं असतं, पण झडपेवरही गोठलं असतं. न द्यावं तर वाहणं. जयवंतांनी मधला रस्ता धरला. हृदयाची गोळी बंद, कॅन्सरची चालू, पूर्ण विश्रांती, आणि दर सकाळी माझी नळी. झडपेवर रक्त धरू लागलं तर टिकटिक मंद होते, म्हणून तिच्यावर कान ठेवायला हवा होता. उषाने चार दिवस रजा घेतली. ती खाटेजवळ स्टूल घेऊन बसायची, पंखा बंद करायची आणि ऐकायची. विज्ञानाची बाई, पण म्हणाली, असं काही मी शिकवलेलं नाही.

पहिल्या दिवशी अठ्ठावन्न. दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस. नाकातलं रक्त थांबलं. तिसऱ्या दिवशी तेहतीस. चौथ्या दिवशी मी घड्याळ दाबलं आणि केसरबाईच खाटेवरून उठून माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. पंचविसाला तंतू लटकला, पांढरा, चकचकीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"माझी चूक झाली, केसरबाई," मी म्हटलं. "मी विचारलं नाही, मीच सांगून मोकळा झालो."

"तुम्हीन इचारं, मी हां म्हनं," त्या म्हणाल्या. "अर्धी चूक मन्ही शे, भाऊ. माले लाज वाटनी."

हृदयाची गोळी निम्म्यावर आली. दर आठवड्याला तपासणी, मग पंधरवड्याला, मग पुन्हा महिन्याला. अंगातून गरम लाटा यायच्या तेव्हा त्या मशीनजवळची खिडकी उघडायच्या, मुकादम कुरकुरला तरी बंद करायच्या नाहीत. दंडावरचे डाग पिवळे होऊन गेले. मूठ होतीच. मी माझ्या खिडकीजवळ एक पडदा लावून घेतला आणि प्रत्येकाला विचारायला लागलो, दुसरं काय घेता? बाईमाणसाला ते सिस्टर विचारायच्या, पडद्याआड. पेन्सिल मी टाकून दिली.

एवढं सगळं झालं तरी चाळीत ती गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती. अलका सिस्टरांनी तोंड उघडलं नाही. पुढच्या श्रावणात कानबाई बसली आणि केसरबाईंनीच गहू मोजले. लपवलेलं लपून राहिलं, मोजायचा मान शाबूत राहिला. यापुढेही त्यांनी गप्प राहायला माझी काही हरकत नव्हती. बाईने पुष्कळ सोसलं होतं.

पंच्याण्णवच्या हिवाळ्यात, सोमवारी, माझ्या खिडकीशी चांगली चाळीस माणसांची रांग होती. कारखान्याची सुट्टी, म्हणून निम्म्या बायका त्यांच्या चाळीतल्याच. केसरबाई आल्या त्या एका तरुण बाईला मनगटाला धरून. ही सरिता, त्यांच्याच मशीनवरची, तीस-बत्तिशीची. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च ओढला होता. मी तो पदर ओळखला.

"पडद्यात चला," मी घाईने म्हटलं.

केसरबाई जागच्या हलल्या नाहीत. बोलल्या त्या मोठ्यांदा, धाग्याच्या मशीनच्या आवाजावरून बोलायची सवय असलेल्या माणसासारख्या.

"भाऊ, हाई सरिता. हिनी छातीमा गाठ शे. चार महिने झायात, कोनले सांगस नई. मन्हीबी व्हती, डावे बाजूले. कॅन्सर व्हता. कापी टाकी. आते मी दोन गोळ्या खास नि मशीनवर उभी ऱ्हास. हिनं रगत तपासा नि मुंबईनी चिठ्ठी द्या."

रांगेतल्या माना वळल्या. बायका केसरबाईंकडे बघत होत्या, त्यांच्या पदराकडे, डाव्या बाजूकडे. दोन बायका एक पाऊल मागे सरकलेल्या मी पाहिल्या. सरिता रडू लागली. केसरबाईंनी तिचं मनगट सोडलं नाही आणि मान खाली घातली नाही. भाऊबंदकीतल्या बायकाही त्या रांगेत होत्या. पुढच्या श्रावणात गहू मोजायच्या मानाचं काय होईल हे केसरबाईंना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मी जयवंतांच्या सहीसाठी चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता वर पाहिलं तर रांगेच्या शेपटाकडून एक बाई पुढे येत होती. रोशनी, प्लास्टिकच्या कारखान्यातली, मी तिला मलेरियाच्या तपासणीमुळे ओळखत होतो. ती खिडकीशी आली नाही. केसरबाई आता सरिताला घेऊन बाकावर बसल्या होत्या, त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मावशी, मलापण एक गाठ लागते."

केसरबाई बाकावर सरकल्या आणि तिला शेजारी जागा करून दिली.